टवके उडालेलं नाक

नव्या कोऱ्या स्पोर्ट्स कारच्या नाकावर पहिला टवका उडतो तेव्हा मालकाचा जीव जेवढा तुटतो, तेवढा पुढे दरवाजा चेपला तरी तुटत नाही. पन्नासाव्या टवक्याकडे मात्र तोच माणूस ढुंकूनही पाहत नाही. पहिल्या आणि पन्नासाव्या टवक्याच्या मधल्या काळात कोणी दात कोरायच्या काडीने रंग लावत बसतं, कोणी संरक्षक फिल्म लावणाऱ्याला लाख-दोन लाख मोजतं, कोणी अख्खं बॉनेट रंगवून घेतं, तर कोणी गाडी बाहेर काढायचंच कमी करतं. यातलं काय शहाणपणाचं आणि काय नाही यावर जगभरचे गाडीवेडे वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. भांडण मिटत नाही, कारण गंज, देखणेपणा आणि पुनर्विक्रीची किंमत या वेगवेगळ्या गोष्टी त्यात एकत्र कालवल्या जातात. गंजाच्या धास्तीने लोक बंपर रंगवायला टाकतात, आणि बंपर तर प्लॅस्टिकचा असतो.

कारखान्यातून निघालेल्या आजच्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त. तळाला फॉस्फेटचा अगदी पातळ लेप. त्यावर ई-कोट: गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला, सुमारे २० मायक्रॉनचा थर. मग ३०-३५ मायक्रॉन प्रायमर. ज्या रंगासाठी आपण शोरूममध्ये तासन्‌तास नमुने न्याहाळतो तो जेमतेम १५-२० मायक्रॉन, आणि त्याच्यावर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. चमक सगळी या वरच्या थराची, आणि गंजापासून राखण करतो तो खालचा ई-कोट. म्हणून टवका पाहताना त्याच्या रुंदीपेक्षा तळाकडे बघावं. तळाशी करडा किंवा पांढरट ठिपका दिसत असेल तर खालचे थर शाबूत आहेत आणि प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. चकाकता धातू दिसला तर गोष्ट वेगळी.

टवका उडवणारा खडा गाडीवर येऊन आदळतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गाडीच खड्यावर जाऊन आदळते. पुढच्या ट्रकच्या टायरला चिकटलेला खडा रस्त्याला टेकतो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो; टायरपासून सुटून तो हवेत उडतो तेव्हाही त्याचा स्वतःचा वेग बेताचाच असतो. मागून ताशी शंभराने येणारी गाडी त्याला गाठते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीला तोच खडा सव्वादोन पट जोराने लागतो. आघाताच्या जागी रंग दाबला जातो, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि खड्याच्या टोकापेक्षा बरीच मोठी खपली निघून येते. थंडीत रंग ठिसूळ होतो, त्यामुळे युरोपातल्या हिवाळ्यात, जेव्हा बर्फावर पकड मिळावी म्हणून रस्त्यांवर बारीक खडी आणि मीठ टाकतात, तेव्हा टवके जास्त उडतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण दख्खनच्या काळ्या दगडाची क्रशरमधून निघालेली धारदार खडी आहे, आणि ती उघडी वाहून नेणारे डंपर आहेत.

हा त्रास स्पोर्ट्स कारला इतर गाड्यांपेक्षा जास्त का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पोर्शे ९११ आहे. नाक जमिनीलगत आणि उतरतं, त्यामुळे रस्त्यापासून हातभर उंचीवर उडणारा खडाही थेट बॉनेटवर येतो. शिवाय गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा रुंद असतो. २०१९ च्या सुमारास आलेल्या पिढीतल्या कॅरेरा एसला पुढे २४५ आणि मागे ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. पुढच्या टायरने उडवलेला खडा मागच्या फुगीर मडगार्डच्या नेमका पुढच्या कडेवर बसतो. म्हणजे पुढची गाडी लांब ठेवली तरी आपलीच पुढची चाकं आपल्याच मागच्या रंगाचा समाचार घेत राहतात. कंपनीला हे पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. १९७० च्या दशकातल्या ९११ टर्बोच्या मागच्या मडगार्डांवर काळी संरक्षक पट्टी असायची. तिला अनेकजण शोभेची वस्तू समजतात, इतकी ती त्या गाडीच्या रूपाचा भाग होऊन गेली आहे. आता त्याच जागी कारखान्यातूनच पारदर्शक फिल्म लावून येते. त्यात मऊ रबराचे, ट्रॅकसाठी बनवलेले टायर घातले असतील तर ते तापल्यावर चिकट होतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक बारका खडा उचलतात. रेस ट्रॅकवरून परतलेल्या गाडीचं नाक सँडब्लास्ट केल्यासारखं दिसतं ते पुढच्या गाड्यांच्या अशाच टायरमुळे.

कंपन्या याची चाचणी घेतात का? घेतात. अमेरिकेतल्या एसएई संस्थेच्या जे-४०० चाचणीत रंगवलेल्या पट्टीवर दाबाच्या हवेने नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत खडी मारतात. आंतरराष्ट्रीय आयएसओ २०५६७ मध्ये लोखंडाचे टोकदार दाणे वापरतात. मग टवके किती उडाले, केवढे उडाले आणि कुठल्या थरापर्यंत गेले यावरून श्रेणी ठरते. म्हणजे टवके उडणारच हे मान्य करूनच चाचणी बेतलेली आहे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा वॉरंटीचा विषय आहे म्हणून वाद घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तर त्यांचाही वेळ वाचेल आणि काउंटरपलीकडच्या पोराचाही.

‘हल्लीच्या रंगात पूर्वीसारखा दम नाही’ ही तक्रार मात्र सरसकट उडवून लावता येत नाही. विद्रावकांच्या वाफांवर निर्बंध आले तसे क्लिअर कोटखालचे रंग पाण्यात मिसळणारे झाले. बऱ्याच कारखान्यांनी ऊर्जा आणि पैसा वाचवण्यासाठी प्रायमरची वेगळी भट्टीच काढून टाकली आणि थर ओल्यावर ओले चढवायला सुरुवात केली. पण लोक दोष देतात तो पाण्यातल्या रंगाला, आणि खड्याला सगळ्यात आधी सामोरा जातो तो वरचा क्लिअर कोट बहुतेक ठिकाणी अजूनही विद्रावकातलाच असतो. माझ्या मते खरी अडचण कठीणपणा आणि लवचीकपणा यांच्या ओढाताणीत आहे. कठीण क्लिअर कोटवर धुताना ओरखडे कमी पडतात, पण खडा लागला की तो तडकतो. मऊ असेल तर खडा थोडा सोसतो, पण फडक्याच्या रेघा लगेच दिसतात. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म कणांचा कठीण क्लिअर कोट आणला, निसानने २००५ मध्ये उष्णतेने बारीक ओरखडे आपोआप मिटवणारा. दोन्ही ओरखड्यांवरचे उपाय होते. उडालेला टवका परत आणणारा रंग कोणाकडेही नाही.

आता गंज. टवक्यांवर बोलणारे सगळ्यात जास्त घाबरतात ते याला, आणि बहुतेक आधुनिक स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ चा सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा करायला घेतला. खडा ई-कोट फोडून गेला तरी पोलादाच्या आधी जस्त झिजतं, त्यामुळे हातात बराच वेळ मिळतो. आताच्या ९११ चं बाहेरचं आवरण पुढचा-मागचा भाग सोडला तर जवळजवळ सगळं ॲल्युमिनियमचं आहे. त्याला तांबेरा येत नाही. येतो तो पांढरा क्षार, आणि तो रंगाखालून दोऱ्यासारखा सरकत पोपडे काढतो. मुंबई, अलिबाग किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत हा धोका खरा आहे. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे गंजाचा प्रश्नच नाही. गोव्यात १९९८ च्या सुमारास बनू लागलेल्या सॅन स्टॉर्म या स्पोर्ट्स कारचं शरीर फायबर ग्लासचं होतं, दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीचंही संमिश्र साहित्याचं. अशा गाड्यांना गंज नाही, पण खड्याचा मार जोरात बसला तर रंगाखाली चांदणीसारखे तडे जातात आणि ते नुसत्या रंगाने झाकत नाहीत. राहता राहिल्या जुन्या, जस्त न चढवलेल्या पोलादी गाड्या. तिथे मात्र धातूपर्यंत गेलेला टवका पावसाळ्याआधी बंद केलाच पाहिजे. वाट पाहत राहिलं तर गंज पसरत जाऊन तिथला पत्राच बदलायची वेळ येऊ शकते.

खड्याने होणारं सगळ्यात महाग नुकसान रंगावर होतच नाही, आणि याविषयी फार कमी बोललं जातं. ९११, बॉक्स्टर, केमन या गाड्यांचं इंजिन मागे किंवा मधे, पण रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढे, नाकाच्या दोन कोपऱ्यांत, उघड्या झडपांच्या मागे असतात. जुन्या पिढ्यांत तर तिथे जाळीही नव्हती. पानं-कचरा साठतो, ओल धरते, आणि एखादा टोकदार खडा कंडेन्सरची पातळ नळी फोडतो. बॉनेटवरच्या ठिपक्यांसाठी रात्र-रात्र जागणारा मालक ही जाळी बसवून घेत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. जाळीचा खर्च फिल्मच्या मानाने किरकोळ आहे.

घरच्या घरी टच-अप करायला हरकत नाही, फक्त त्याच्याकडून अपेक्षा माफक हव्यात. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, त्यावरून बाटली मिळते. टवक्याच्या कडेचा सुटलेला रंग काढायचा, मेण आणि तेलकटपणा अल्कोहोलने पुसायचा, धातू उघडा असेल तर आधी प्रायमरचा ठिपका द्यायचा. मग बाटलीच्या ब्रशने न लावता काडीच्या टोकाने थेंबाथेंबाने, मधे सुकू देत, पातळ थर भरत जायचे. रंग सुकताना आकसतो, म्हणून एका दमात भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डाच दिसतो. पांढरा, काळा, लाल असे साधे रंग यात चांगले मिसळतात. चंदेरी किंवा मेटॅलिक रंग फसतो, कारण कारखान्यातल्या फवाऱ्याने त्यातले धातूचे कण सपाट पसरलेले असतात, काडीने लावल्यावर ते वाटेल तसे उभे-आडवे राहतात आणि प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परततो. ठिपका गडद दिसतो. तो दोन पावलांवरून दिसत नसेल तर काम झालं म्हणायचं आणि थांबायचं. बहुतेकजण इथे थांबत नाहीत. वर आलेला थेंब सपाट करायला वॉटर पेपर घासतात, मग पॉलिश, मग पुन्हा पॉलिश, आणि टवक्याभोवतीचा शाबूत क्लिअर कोट पातळ करून ठेवतात. जेमतेम ४०-५० मायक्रॉन जाडीतून काही मायक्रॉन गेले की ते परत येत नाहीत, आणि उन्हाविरुद्धचं संरक्षणही तेवढं घटतं.

अख्खं बॉनेट किंवा नाक रंगवणं हा मोठा निर्णय आहे आणि तो सहसा फार लवकर घेतला जातो. कारखान्यात नुसता सांगाडा भट्टीत जातो, ई-कोट १७०-१८० अंशांच्या आसपास आणि क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भाजला जातो. तयार गाडीत वायरी, प्लॅस्टिक, काचा, टायर असल्यामुळे गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि म्हणून तिथला रंग वेगळ्या रसायनाचा, दोन घटक मिसळून कडक होणारा असतो. चांगला पेंटर तो उत्तम लावतो. तरीही तो कारखान्याचा रंग नसतो. शेजारच्या मडगार्डशी छटा जुळवायला तिथेही रंग विरवत न्यावा लागतो, म्हणजे एका बॉनेटसाठी आणखी दोन पॅनल मूळ रंगाला मुकतात. हल्ली बंपरमागे रडार असतात, तिथे जास्तीचा थर, पुट्टी किंवा चुकीचा मेटॅलिक रंग रडारच्या कामात अडथळा आणू शकतो. शिवाय नव्या रंगावर पहिला खडा पुढच्याच रविवारी बसणार, हे आहेच.

म्हणून फिल्म. पॉलियुरेथेनची ही पारदर्शक कातडी मुळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवण्यासाठी वापरली जात होती; तिथून ती रेसच्या गाड्यांवर आणि मग रस्त्यावर आली. त्याआधी, १९८० च्या दशकात, अमेरिकेत नाकावर काळं रेक्झिनचं आवरण बांधायची फॅशन होती. त्याच्याखाली धूळ आणि पाणी अडकून राहायचं, वाऱ्याने ते फडफडायचं आणि ज्या रंगाला वाचवायचं तोच घासून काढायचं. आजची फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे खालच्या सगळ्या रंगाहून जाड असते. खड्याचा मार ती पसरवते, किरकोळ ओरखडे उन्हाच्या उबेने स्वतःच मिटवते. फार धारदार मोठा खडा तिलाही फाडतो. सुरुवातीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडायच्या, चांगल्या कंपन्यांच्या आताच्या सहसा तशा लवकर पडत नाहीत. स्वस्तातल्या मात्र आपल्या उन्हात रंग दाखवतातच. लावणारा ब्लेडने गाडीवरच कापत असेल तर रंगावर बारीक रेघ राहण्याचा धोका असतो, म्हणून संगणकावर आधीच कापलेल्या नमुन्यांचा आग्रह धरावा. आणि पुन्हा रंगवलेल्या पॅनलवरून फिल्म काढताना कधी कधी रंगही सोबत येतो.

अख्ख्या गाडीला फिल्म लावायला आपल्याकडे लाखाच्या पुढे, मोठ्या किंवा महागड्या गाड्यांना दोन लाखांच्याही वर मोजावे लागतात. छतावर आणि दरवाजाच्या वरच्या भागावर खडे बसतात कुठे? माझं मत स्पष्ट आहे: बॉनेट, पुढचा बंपर, पुढचे मडगार्ड, आरशांच्या पाठी, दारांखालची पट्टी आणि मागच्या मडगार्डची पुढची कड, एवढं पुरे. मॅट रंग हा याला अपवाद, कारण त्याला पॉलिश करता येत नाही आणि टच-अपही लपत नाही. तिथे पूर्ण फिल्मचा खर्च समजू शकतो. सिरॅमिक कोटिंग खड्यापासून वाचवतं असं कोणी सांगत असेल तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. ते जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं असतं. धुणं सोपं करतं, बस.

विम्याचं काय? भारतातल्या मोटर टॅरिफप्रमाणे रंगकामातल्या साहित्याच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर ही कपात टळते. पण नेहमीच्या वापराची झीज पॉलिसीत बसत नाही, आणि वर्षभर एकेक करून उडालेले टवके ही झीजच आहे. दावा मंजूर झालाच तर २० ते ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस जातो. स्पोर्ट्स कारचा हप्ता पाहता एका बॉनेटच्या रंगासाठी हा सौदा सहसा तोट्याचा ठरतो.

बाजाराची नजर मालकाच्या नजरेपेक्षा वेगळी असते. वापरलेली ९११ बघायला येणारा जाणकार खिशात रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन येतो. १२० च्या आसपास आकडे असलेल्या गाडीच्या बॉनेटवर ते २५० दाखवू लागलं की पहिला प्रश्न येतो: धडकली होती का? ‘फक्त टवके होते म्हणून रंगवली’ हे उत्तर खरं असलं तरी सिद्ध कसं करणार? ५०-६० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या नाकावर एकही टवका नसेल आणि फिल्मही नसेल, तर संशय आणखी वाढतो. (प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही, तिथे डोळाच लागतो.) जुन्या दुर्मीळ गाड्यांत मूळ रंगाचा हा आग्रह टोकाला गेला आहे. १९८७ ला आलेल्या फेरारी एफ-४० चा मूळ रंग इतका पातळ होता की खालच्या कार्बन-केव्हलारची वीण त्यातून दिसते; वीण दिसेनाशी झाली असेल तर रंग नंतरचा, असं खरेदीदार मानतात. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात या शतकाच्या सुरुवातीपासून जीर्णोद्धार न केलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे. तिथे टवके, विटलेला रंग, घासलेली गादी यांना गुण मिळतात.

आपल्या रस्त्यांवर करण्यासारखं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे अंतर. डंपर, खडीचा ट्रक किंवा नुकतं डागडुजी केलेलं, मोकळी खडी पसरलेलं डांबर दिसलं की वेग कमी करायचा आणि मागे राहायचं. घाई असेल तर एकदाच, लांबून लेन बदलून पुढे जायचं. मागे चिकटून संधीची वाट पाहणं सगळ्यात वाईट. पावसाळ्यानंतर कोकणातल्या रस्त्यांवर खड्डे बुजवलेली सैल खडी दिवाळीपर्यंत उधळत असते. ज्यांना नाकाची फारच काळजी आहे त्यांनी त्या काळात तिकडची सहल थोडी लांबवावी.

गाडी नवी असेल तर पुढच्या भागाला आणि मागच्या मडगार्डच्या कडांना पहिल्याच आठवड्यात फिल्म लावा, आणि झडपांना जाळी बसवा. जुनी असेल तर धातू दिसणारे टवके तेवढे बंद करा, बाकीचे राहू द्या. नाक रंगवायची वेळ कधी तरी येईलच. ती जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला. रंगवाल तेव्हा आधीचे जवळून घेतलेले फोटो, जाडीचे आकडे आणि बिल फाइलमध्ये जपून ठेवा, म्हणजे विकताना ‘फक्त टवके होते’ हे सिद्ध करता येईल. आणि त्या ताज्या रंगावर लगेच फिल्म चढवू नका. आतला विद्रावक पूर्ण उडून जायला काही आठवडे लागतात.